बुडालेल्या राज्याचा एक नियम

फ्राऊ हेओ गेल्याची बातमी आमच्या इमारतीत कोरियामार्गे आली. इस्पितळ आमच्या घरापासून सायकलने अगदी जवळ. पण नियमाप्रमाणे तिथल्या लोकांनी जवळच्या नातेवाइकाला कळवलं. तो नातेवाईक म्हणजे किम्हे गावात राहणारा पुतण्या. त्याने मग इकडे जर्मनीत, एर्लांगेनला फोन केला, तो आमच्या समोरच्या दारातल्या हेर किम यांना. ते तसेच माझ्या दाराशी आले. कोटाची सगळी बटणं लावलेली, गळ्यात मफलर, पायांत घरातल्या सपाता. "ती पहाटे गेली, फ्राऊ लिमये," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "तिथे तेव्हा दुपार होती..." कुठे जायला म्हणून त्यांनी कोट घातला होता, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्याला आता काही आठवडे झाले. फ्राऊ हेओ तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, बरोबर हेर किम यांच्या डोक्यावर. निवृत्त परिचारिका. तरुणपणी कोरियाहून पुष्कळ मुली जर्मनीत रुग्णसेवेला आल्या आणि पुष्कळ मुलगे कोळशाच्या खाणीत उतरायला आले, त्यांतल्या या. नोकरी सुटून कित्येक वर्षं झाली तरी एक सवय सुटली नव्हती. शेकहँड केला की त्यांची दोन बोटं आपोआप समोरच्याच्या मनगटावर सरकायची. बोलणं हवापाण्याचं चाललेलं असायचं आणि मध्येच त्या म्हणायच्या, "काल झोप झाली नाही तुमची." मला ही जादूगिरी वाटायची. तसं त्यांना बोलूनही दाखवलं होतं. "जादू कसली," त्या म्हणाल्या, "तुमचे डोळे लाल आहेत. नाडी उगीच धरते, हातांना काम हवं म्हणून."

त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा गाया हे नाव ऐकलं. आपल्या गयेशी त्याचा संबंध नाही. कोरियाच्या दक्षिण टोकाला नदीकाठी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लहान लहान राज्यांचा एक पुंजका होता, तो गाया. तिथे लोखंड चांगलं निघायचं. लोखंडाच्या पट्ट्या समुद्रापार जपानपर्यंत जात आणि पैशासारख्याही चालत. शेजारच्या मोठ्या राज्याने ही राज्यं एकेक करून गिळली. गायाने स्वतःचा इतिहास लिहून ठेवलेला नाही. जे लिहिलं ते जिंकणाऱ्यांनी आणि त्यांच्या नंतरच्यांनी, त्यामुळे त्यात गायाला जागा बेताचीच. उरल्या त्या टेकड्यांवरच्या थडग्यांच्या रांगा, गंजलेली चिलखतं आणि एक कथा. पहिल्या राजासाठी दूरच्या 'अयुता' देशाची राजकन्या जहाजातून आली, लाटा शांत राहाव्यात म्हणून सोबत दगडी पॅगोडा घेऊन. ही कथा लिहिली एका भिक्षूने, घटनेनंतर हजारेक वर्षांनी. हजार वर्षं म्हणजे कथेला बाळसं धरायला भरपूर वेळ झाला.

अयुता म्हणजे आपली अयोध्याच, असं बऱ्याच लोकांनी ठरवून टाकलं आहे. पुरावा विचारला की ते दुखावतात. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना हे कळलं आणि त्यांनी फ्राऊ हेओंचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि 'दोन सहस्रकांनी माहेरी आलेली लेक' असा फलक. अध्यक्ष स्वतः सॉफ्टवेअरमधले, त्यामुळे राजकन्येचा प्रवासमार्ग त्यांनी पडद्यावर बाणांनी दाखवला. फ्राऊ हेओ शाल पांघरून शांत बसल्या होत्या. मनोगताला उठून त्या एवढंच म्हणाल्या, "धन्यवाद. ती राणी माझी पूर्वज आहे, असं मला लहानपणापासून सांगितलंय. ती कुठून आली ते मला माहीत नाही. पण ती आली नसती तर माझं बरं झालं असतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जर्मन वाक्याच्या शेवटापर्यंत आमचं मंडळ सहसा थांबत नाही.

त्या असं का म्हणाल्या, हे कळायला दिवाळी यावी लागली. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना जर्मन येत नाही, फ्राऊ हेओंना मराठी यायचं नाही, पण दोघींचं दुपारचं बसणं ठरलेलं. एक मटार सोलायची, दुसरी तिची नाडी बघायची. एके दिवशी सासूबाईंनी मला विचारलं, "ह्या वरच्या बाई आणि समोरचे गृहस्थ एकमेकांचे कोण गं? रोज संध्याकाळी ते वर जेवायला जातात."

"दोघं एकाच राजाचे वंशज आहेत म्हणे," मी म्हटलं. त्यांनी मला तेवढंच सांगितलं होतं.

"म्हणजे बहीण-भाऊ."

भाऊबीजेला सासूबाईंनी दोघांना बोलावलं. पाट मांडला, रांगोळी काढली, हेर किम यांना टोपी म्हणून माझ्या नवऱ्याची लोकरीची टोपी घातली आणि तबक फ्राऊ हेओंच्या हातात दिलं. मी जर्मनमध्ये समजावून सांगितलं की आमच्याकडे आज बहीण भावाला ओवाळते. फ्राऊ हेओ तबक धरून उभ्या राहिल्या. निरांजनाची ज्योत हलायला लागली. हेर किम पाटावरून गालिच्याकडे बघत होते, टोपी कानांपर्यंत आलेली. मग फ्राऊ हेओंनी तबक सावकाश टेबलावर ठेवलं. "तुमच्या सासूबाईंना सांगा," त्या म्हणाल्या, "आयुष्यभर सगळ्यांनी आम्हाला हेच सांगितलं. फक्त दिवा कुणी दिला नव्हता हातात."

मग ते सगळं बाहेर आलं, अर्धं फ्राऊ हेओंकडून, अर्धं हेर किम यांच्याकडून. ऱ्हाइनच्या बाजूला कोरियन लोकांच्या एका मेळाव्यात दोघं भेटले. ती रुग्णालयातली, तो खाणीतला. परक्या मुलखात माणसं एकमेकांना जे पहिलं विचारतात तेच विचारलं, गाव कोणतं? किम्हे. दोघांचं एकच निघालं, म्हणून केवढा आनंद! दुसरा प्रश्न कुळाचा. तो किम्हेचा किम, ती किम्हेची हेओ. आणि तिथेच गाडी अडली. कारण कथेत असंही आहे की परदेशातून आलेल्या त्या राणीने राजाकडे हट्ट धरला, माझं आडनाव माझ्या दोन मुलांना तरी द्या. बाकीचे मुलगे किम झाले आणि हे दोघे हेओ. तेव्हापासून किम्हेचे किम आणि किम्हेचे हेओ म्हणजे सख्ख्या भावांची घरं. त्यांच्यात सोयरीक होत नाही. कायद्याने नाही, रीतीने. लाखोंच्या घरात माणसं, पण एकच रक्त मानायचं. फ्राऊ हेओंच्या वडिलांनी लग्नाला नकार दिला तो रागावून नव्हे, समजावून. त्यांच्या मते विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"पण वडील तर पुढे गेले असतील," मी म्हटलं.

"हो, गेले. मग विचारायला कुणी उरलं नाही," फ्राऊ हेओ म्हणाल्या, "म्हणजे हो म्हणायलाही कुणी उरलं नाही."

हेर किम खाणी बंद पडल्यावर र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त झाल्यावर या इमारतीत खालचं घर रिकामं झालं तेव्हा इथे आले. दारावर पाट्या दोन. एका जिन्याचं अंतर दोघांनी राखलं. मी वाचनाच्या जोरावर बऱ्याच गोष्टींना थोतांड म्हणत आले आहे, पण त्या दिवशी मला थोतांड म्हणवेना. सैन्य गेलं, राजवाडे गेले, भाषेचा मागमूस राहिला नाही, आणि दीड हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या राज्याचा एक नियम एर्लांगेनमध्ये दोन मजल्यांवर अजून पाळला जात होता.

मी हे सगळं सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सगोत्र?"

"तसंच काहीसं."

"एवढंच ना? अगं, सगोत्र असलं की मुलीला दुसऱ्या गोत्रात दत्तक देतात. माझ्या मावसबहिणीचं असंच झालं, मामाने दत्तक घेतली आणि मामानेच कन्यादान केलं. आता तिला नातवंडं आहेत." मग त्या फ्राऊ हेओंकडे वळल्या आणि थेट मराठीत म्हणाल्या, "मी घेते तुम्हाला दत्तक. आमचं गोत्र कपि. काही अडचण येणार नाही."

मी भाषांतर केलं. हेर किम यांनी टोपी काढून हातात घेतली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे कायदेशीर आहे का?"

"कायदेशीर नाही," मी म्हटलं, "पण चालतं."

फ्राऊ हेओ हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, सासूबाईंचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "माझी आई माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी!" सासूबाई म्हणाल्या, "तिला म्हणावं, हसण्यावारी नेऊ नको. पुढच्या दिवाळीला येते तेव्हा उरकून टाकू." दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा फ्राऊ हेओ हसत नव्हत्या. "मला वाटायचं, परवानगीचं मला आता काही नाही," त्या म्हणाल्या. "पण काल मी मनात कपडेसुद्धा ठरवले."

पुढच्या दिवाळीला सासूबाईंच्या डोळ्याचं निघालं, त्यांना येता आलं नाही. हिवाळ्यात फ्राऊ हेओंना पक्षाघाताचा झटका आला. हेर किम आणि मी इस्पितळात गेलो. तरुण डॉक्टर होती, दमलेली, पण सभ्य. तिने हेर किम यांना विचारलं, "तुम्ही यांचे पती का?"

"नाही."

"नात्यातले?"

"जरा जास्तच," ते म्हणाले.

तिला अर्थातच कळलं नाही आणि कळून उपयोगही नव्हता. कागदावर ते कुणीच नव्हते. लग्नाला जास्त नात्यातले, आणि प्रकृती सांगायला पुरेशा नात्यातले नाहीत... भेटायच्या वेळेत त्यांना बसू दिलं जाई. ते बसत आणि फ्राऊ हेओंच्या मनगटावर दोन बोटं ठेवत. नाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं.

अंत्यविधीला पुतण्या आला. अतिशय नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस. घरातल्या मुख्य माणसाने दंडावर बांधायची फीत त्याने स्वतःच्या दंडाला बांधली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. आलेला प्रत्येक जण फुलं ठेवून त्याला वाकून नमस्कार करत होता. हेर किम रांगेत माझ्या पुढे होते. त्यांनीही फूल ठेवलं आणि पाहुण्याने वाकावं तसे त्या पुतण्यासमोर वाकले. अस्थी पुतण्या किम्हेला घेऊन जाणार होता, घराण्याच्या टेकडीवर. कॉफीच्या वेळी त्याने सांगितलं की गायाच्या थडग्यांना आता जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आहे, गावात समारंभ झाला, मोठमोठी माणसं आली. "गेनाऊ, अगदी बरोबर," एवढंच हेर किम म्हणाले. मी नंतर त्यांना विचारलं, निदान थोड्या अस्थी इथे ठेवायला सांगायचं होतं. "कोण म्हणून सांगू?" त्यांनी विचारलं.

डोळ्याचं ऑपरेशन ताजं होतं म्हणून सासूबाईंना आम्ही काही कळवलं नव्हतं. पुतण्या परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "किमांना डबा कोण देतंय?"

"आई, ते स्वयंपाक करतात स्वतःचा."

"सुतकात?"

"अहो, त्यांना कसलं सुतक? ते तसे त्यांचे कोणी..."

"कोणी नव्हेत? मग मागे राहिलंय कोण? तो पुतण्या? तो गेला विमानात बसून." त्यांचा आवाज चिरकला. डोळ्यातून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरने बजावलं होतं, ते मला आठवलं. "हे बघ, माझी लेक व्हायची होती ती. सुतक कुणाला आणि कुणाला नाही, ते मी सांगते. आज पिठलं-भात कर, तिखट बेताने. दहा दिवस डबा जाईल."

"पण दहा दिवस तर कधीच उलटून गेले."

"मला आज कळलं ना? मग आजपासून. आणि निघताना 'येते' म्हणू नकोस."

सुतक या प्रकारावर मी एकेकाळी बरंच लिहिलं आहे आणि त्यातला शब्दही मागे घ्यायची माझी तयारी नाही. पण पिठलं केलं, भात केला, डबा भरला आणि समोरची बेल वाजवली. हेर किम यांनी दार उघडलं. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंनी पाठवलाय. आमच्याकडे घरात कुणी गेलं की त्या घरात काही दिवस चूल पेटवत नाहीत, जवळचे लोक जेवण पोचवतात.

त्यांनी डब्याकडे पाहिलं. "सगळ्या शेजाऱ्यांना पाठवतात?"

"नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यालाच."

"म्हणजे... नवऱ्याला?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात पुढे करून डबा घेतला, पुतण्यासमोर वाकले होते त्याहून किती तरी जास्त वाकले. मी 'येते' म्हटलं नाही, नुसतीच वळले. माझ्या मागे त्यांचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला, पण आतून नव्हे, बाहेरून. पाहिलं तर ते एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने डबा धरून, सपाता फरफटत, तिसऱ्या मजल्याकडे निघाले होते.