शीग लावलेली बाटली

मानवतच्या मोंढ्याजवळच्या एका दवाखान्यात मी तेव्हा लघवी तपासायचो. मोंढ्याच्या बाजारात धान्य मापून देणारा एक म्हातारा मापाडी दर महिन्याला यायचा. त्याचं नाव आता आठवत नाही, तऱ्हा मात्र आठवते. धान्याच्या मापाला शीग लावताना, म्हणजे काठाच्या वर रास चढवताना, फिरवावा तसा तो बाटलीच्या तोंडावरून हात फिरवायचा आणि मगच ती टेबलावर ठेवायचा. बाटली नेहमी गळ्यापर्यंत भरलेली.

त्याच्या पायाची जखम काही भरत नव्हती, पण लघवीत बुडवायच्या पट्टीवर साखर नावालाच दिसायची. डॉक्टर मधुमेहाच्या गोळ्या कमी करायला निघाले. मला राहवेना. मी बाटली उजेडात धरली. आत विहिरीचं पाणी असावं इतकी नितळ!

"मामा, ह्यात पाणी घातलं का?"

"मग? सकाळी बोटभरच झाली. अर्धं माप कुणाच्या म्होरं कसं ठेवायचं? जन्मात ठेवलं न्हाई आमी."

मला हसू आवरेना. "इथं शीग नको, मामा. असेल तेवढंच आणा."

दुसऱ्या दिवशी तो आला तो चोरासारखा, बाटली धोतराच्या सोग्यात लपवून. जन्मभर लोकांना भरून माप दिलेल्या माणसाला ती बोटभर बाटली पुढं करणं लय जड गेलं असणार. मी पट्टी बुडवली. बघता बघता ती गडद तपकिरी झाली. साखर भरपूर होती. आता गोळ्या वाढणार होत्या आणि पाय वाचणार होता.

पट्टीचा रंग बघून म्हाताऱ्याची मान ताठ झाली.

"बघा साहेब," तो म्हणाला, "माप कमी हाय, पण माल अस्सल हाय!"