रविवारी उघडायचं कपाट

माझे थोरले साडू हे भंडारा जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांच्या घरात कोणताही दिवा एकदम लागत नाही. उभी हयात त्यांनी झाडीपट्टीतल्या नाटकांची प्रकाशयोजना केली. धान घरात आले की गावोगाव मंडप उभे राहत, आणि साडू डिमरची, म्हणजे उजेड हळूहळू चढवण्या-उतरवण्याची, पेटी घेऊन या गावाहून त्या गावाला जात. वयोमानाने ते काम सुटले, पेटी मात्र पवनीच्या घरी आली, आणि स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत प्रत्येक दिव्याला डिमर बसला. पाहुणा हातपाय धुवायला गेला की आधी काळोखात उभा राहतो. मग उजाडावे तसा प्रकाश येतो. माझ्या मुलीने एकदा घाबरून आतून किंकाळी फोडली, तेव्हा साडू बाहेरून समजावत होते, "थांब माय, उजेड येऊन राहिला. घाई केली का त्याची मजा जाते."

नाटकातला आणखी एक नियम त्यांनी संसाराला लावला होता. पडदा उघडेपर्यंत पात्र कोणाला दाखवायचे नाही. घरी नवा फ्रीज आला तेव्हा दसऱ्यापर्यंत तो जुन्या मखमली पडद्याखाली बंद राहिला, आणि त्याच्या शेजारी पातेल्यातले दूध रोज नासत राहिले. एकदा आम्हाला सगळ्यांना जीपमध्ये बसवून ते फिरायला घेऊन निघाले. कुठे, ते विचारायची सोय नव्हती. शेवटी जीप त्यांच्याच शेतात थांबली, तिथे चूल पेटलेली होती आणि रस्सा उकळत होता. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती उतरता उतरता म्हणाली, "घरून पायी आलो असतो त लवकर पोचलो असतो. एवढं गावभर कायले फिरवलं?" साडू म्हणाले, "नाही त तुले समजलं नसतं का?"

गेल्या उन्हाळ्यात ताई उपचारासाठी नागपूरला होती. दुखणे वाईट होते. त्यांची मुलगी तिच्यासोबत राहिली आणि साडूंना घर सांभाळायला परत पाठवले. त्याच दिवसांत त्यांनी ताईचे लोखंडी कपाट रिकामे केले, साड्या दोरीवर टाकल्या, खालच्या खणात मातीचे डबे मांडले, वर दिवे टांगले आणि दिव्यांवर नाटकातले लाल-निळे कागद लावले. पहिली रोपे हॅलोजनच्या झळीने करपली. मग त्यांनी गार दिवे आणले. रोपे तरारली, तसे साडूंना राहवेना. आपण काय लावले हे सांगायचे नव्हते, पण कसे लावले हे सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नव्हते. वॉर्डाच्या ग्रुपवर त्यांचे आवाजी संदेश सुरू झाले. "नवीन मानसानं पयले कपाट रिकामं कराचं. बायको गावाले गेल्यावरच हे जमते." पुढचा असा: "पंखा दुरून लावाचा. पान हाललं पायजे, नाचलं नाही पायजे." आणि एक कळकळीचा: "नवीन मानूस पानी लय टाकते. झाडाले तहान लागू द्या जी. लेकराच्या तोंडी सारखा भात कोंबते का कोनी?" प्रत्येक संदेशाच्या शेवटी एकच वाक्य असे. "झाड कोनतं, थे मंग सांगीन." शेवटी त्यांनी फोटो टाकला. जांभळ्या उजेडात हिरवा रंग काळा दिसतो. त्या काळ्या पानांना हाताच्या पंजासारखी बोटे होती आणि कडांना दाते होते.

तो फोटो एका शनिवारी दुपारी भंडाऱ्यात आमच्या दैनिकाच्या कार्यालयात आला. खाली कोणीतरी लिहिले होते, 'पवनीत कपाटात गांजाची शेती'. वृत्तसंपादकांनी पहिल्या पानावर जागा ठेवली आणि पोलिसांचे पथक निघाल्याची खात्री करून घेतली. फोटो माझ्यापर्यंत आला तेव्हा मी पाने पाहिली नाहीत. उघड्या दाराच्या आरशावर, कोपऱ्यात, मरून रंगाच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. ताई रोज झोपण्याआधी टिकली तिथे लावून ठेवत असे. मी वृत्तसंपादकांना एवढेच म्हणालो की मी पाहून येतो, तोवर बातमी सोडू नका. बाहेर येऊन साडूंना फोन लावला.

"भाऊजी, कपाटात काय लावलंय?"

"उद्या या ना, साडभाऊ. जेवालेच या. उद्या तुमच्या ताईले घरी आनून राहिले."

"पोलीस निघालेत. झाडाचं नाव सांगा."

"फोनवर कसा सांगू? शेजारीन भितीले कान लावून बसली आहे. तिले समजलं का नागपूरले फोन गेलाच समजा."

"ते कपाट उघडतील, भाऊजी!"

"पाहू ना कोन उघडते थे. मी उभाच आहो."

भंडारा ते पवनी रस्ताभर मी एकच गोष्ट मनात तपासत होतो. ताईच्या वेदना मी पाहिल्या होत्या. अशा दुखण्यात गांजाने आराम पडतो, असे रुग्णालयाच्या आवारात कोणीतरी बोलल्याचे साडूंनीच मला सांगितले होते. बायकोसाठी हा माणूस काहीही लावू शकला असता. आणि गांजाच्या गुन्ह्यात जामीन किती अवघड असतो, हे मी अनेक बातम्यांत लिहिले होते. उद्या ताई दारात उतरेल तेव्हा नवरा कोठडीत असेल, हे मला स्वच्छ दिसत होते.

घरासमोर पोलिसांची गाडी उभी होती. लोक ओट्यांवर, गच्चीवर चढले होते. एकजण ओरडला, "काय जी लाइटवाले, आमाले बी एक झुरका द्यान का?" मी ओळख सांगून आत शिरलो. साडू कपाटाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांची बनियन घामाने भिजली होती. ठाणेदार मराठवाड्यातून नुकतेच बदलून आलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ होते.

"काका, बाजूला व्हा. झाडं उपटून जप्त करावी लागतील."

"सायेब, उद्या या. उद्या मीच उघडतो. आज नोका उघडू."

"मग झाडाचं नाव सांगा."

साडूंनी खिडकीकडे पाहिले. गजांबाहेर शेजारणीसकट चार-पाच चेहरे होते. एका शिपायाने त्यांचा दंड धरून त्यांना हलवले आणि दुसऱ्याने दार ओढले. जांभळा उजेड खोलीभर पसरला. आत गुडघ्याएवढी रोपे दाटीने उभी होती. शिपायाने पहिल्या रोपाच्या बुडाला हात घातला तेव्हा साडूंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी त्यांच्याकडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. शिपाई थांबला. साडूंनी दंड सोडवून घेतला, स्वतःच एक पान खुडले आणि ठाणेदारांपुढे धरले.

"खाऊन पाहा. पन नाव घेऊ नोका. हात जोडतो."

गणवेशातल्या ठाणेदारांनी पानाकडे पाहिले, पंचनाम्यासाठी दारात उभ्या केलेल्या पंचांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुम्ही पत्रकार ना? आणि यांचे नातेवाईकही? मग आधी तुम्ही खा."

मी पान तोंडात घातले. चावायला धीर होईना. साडू माझ्या जबड्याकडे पाहत होते. मी चावले, आणि दातांच्या मुळापासून कानापर्यंत आंबट कळ गेली. माझे डोळे आपोआप मिटले. ते पाहून ठाणेदारांनी एक पान खुडून चघळले. त्यांचाही एक डोळा मिटला.

"अरे, ही तर आमची..." ते म्हणाले. साडूंनी हात जोडले. ठाणेदारांनी नाव पानासकट गिळले. जराशाने विचारले, "कोणासाठी?"

"तिच्या तोंडाले चव नाही रायली, सायेब. कायबी द्या, माती लागते म्हनते. येकच चीज मांगतली तिनं, आन् थे या उनात कुठी भेटून नाही राहिली."

पावसाळ्यात प्रत्येक बांधावर उगवणारी अंबाडी! पण ऐन उन्हाळ्यात, कपाटात आणि जांभळ्या उजेडात ती जन्मभर खाणाऱ्यांनाही ओळखू आली नव्हती. ठाणेदारांनी कपाटाचे दार स्वतः लोटून घेतले. बाहेर गर्दीने विचारले, "काय निघालं जी?" गाडीत बसता बसता ते म्हणाले, "उद्या कळेल." मी कार्यालयात फोन करून बातमी नाही म्हणून सांगितले. का नाही, ते मीही रविवारवर ढकलले.

रविवारी ताईला खुर्चीसकट आत आणले. साडूंनी खोलीतला दिवा हळूहळू उतरवला, कपाटाचे दार उघडले आणि आतला उजेड चढवत नेला. ताईने कपाट वरून खालपर्यंत पाहिले. मग म्हणाली, "माह्या साड्या कुठी टाकल्या?"

भाजी वाटीभरच झाली. पहिल्या घासाला तिचा चेहरा आक्रसला, डोळे घट्ट मिटले. "आंबट आहे," ती म्हणाली. साडूंनी वाटी तिच्याजवळ सरकवली. ती पुन्हा म्हणाली, "आंबट आहे जी," आणि दुसरा घास मागितला.

ताई भादव्यात गेली. तेव्हा पवनीच्या बाजारात अंबाडीचे ढीग होते.

दिवाळीनंतर मी गेलो, तेव्हा साड्या कपाटात परत आल्या होत्या, घड्या जरा वाकड्या होत्या, आणि वर एक दिवा टांगलेलाच होता. तिन्हीसांजेला साडूंनी तो लावला. आरशावरच्या टिकल्या दिसू लागल्या. जेवायला उठताना मी सवयीने बटणाकडे हात नेला, तर त्यांनी माझे मनगट धरले.

"थांबा, साडभाऊ. पात्र विंगेत गेलं म्हनून लगेच अंधार नाही करत."

डिमरच्या चकतीवर बोट ठेवून ते बसले. मीही पुन्हा खाली बसलो.