पाचव्याची भाकर

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वडीगोद्रीच्या अलीकडे पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. डिप्लोमा करून मी तिथं खड्ड्यांची मापं घ्यायला लागलो होतो. खड्डा खोदताना मधे मातीचा एक खुंट तसाच ठेवतात. मूळ जमीन कुठवर होती ते त्यावरून कळतं, खोली मोजता येते. माप झालं की खुंट पाडायचा.

धुळाजी धनगर दुपारच्या सुट्टीत आपल्या खड्ड्यातल्या खुंटाच्या सावलीत बसायचा. साठीचा, उंच, मेंढरामागं चालून पाय वाकलेले. मेंढरं आता राहिली नव्हती. तो कुदळ मारायचा, बायको कडूबाई आणि सून आसराबाई माती वाहायच्या. भाकर खाऊन झाली की घमेलं पालथं घालून तो त्यावर ठेका धरायचा आणि पाच मेंडक्यांची, म्हणजे मेंढपाळांची, ओवी लावायचा. सगळे खड्डे गोळा व्हायचे.

आभाळाच्या राजानं पाणी नऊ दारांआड कोंडलं, म्हणून पाच मेंडके त्याच्यावर उठले. हरले. राजानं त्यांना मारलं नाही, हद्दपार केलं. पहिल्याचा शिवेवर दगड झाला. त्याचीच मेंढरं त्याला अंग घासून जातात, त्याला कळतं, पण हलता येत नाही. दुसऱ्याचे डोळे काढले आणि लोकर कातायला बसवला. कातून होत आलं की राजा ते सूत पुन्हा पिंजून टाकतो. तिसऱ्याला बोली न कळणाऱ्या मुलखात सोडलं. तिथं एकटाच बोलून बोलून त्याचे शब्द झिजून गेले. चौथ्याला मात्र माफी दिली, पाण्याच्या दारावर राखण ठेवला. आतलं पाणी त्याला ऐकू येतं आणि चावी त्याच्याच कमरेला आहे. इथं कुणीतरी माझ्याकडं बघून म्हणायचं, "चौथा म्हंजी आपले सायेब." मग हसू फुटायचं. मीही हसायचो.

पाचवा हिरामेंडका. तो जिथं टेकेल तिथली जमीन पेटते, म्हणून तो चालतोच आहे. "पाचवा चालून राह्यला," म्हणून धुळाजी थांबायचा. त्याच्या पुढचं गायचं नसतं. त्याच्या बापानं गायलं नव्हतं, आज्यानं नव्हतं. ते शेवटचं कडवं गायलं की गाणाऱ्याचं गाणं कायमचं संपतं, असं ते मानत. तिथं गाणाऱ्याच्या घरातल्या बाईनं पाचव्यासाठी चतकोर भाकर काढून ठेवायची. आसराबाई रोज ती खुंटावर ठेवायची. खायचे वांधे असताना पाखरांना भाकर टाकणं मला पटत नव्हतं. एकदा तसं म्हणालो, तर कडूबाई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

कारण मला नंतर कळलं. त्यांचा एकुलता एक रायभान एकाहत्तरच्या दिवाळीनंतर होती नव्हती ती मेंढरं घेऊन वऱ्हाडाकडं गेला होता. आखाडात परत यायचा, आला नाही. पैनगंगेच्या काठी पटकीनं एक धनगर मेला, गावानं जाळला, असा निरोप एका मेंढपाळानं आणला, सोबत एक घोंगडं. धुळाजीनं ते घरात घेतलं नाही. काळी घोंगडी सगळी सारखीच, म्हणाला.

आसराबाई बावीस वर्षांची. कपाळाला कुंकू होतं, नवरा नव्हता. मे महिन्यात तिचा बाप भुजंग हसनाबादेहून आला. तिकडं एका चांगल्या माणसाशी तिचं मोहतूर, म्हणजे दुसरं लग्न, ठरत होतं. सासऱ्यानं मुलगा गेला असं तोंडानं सांगितल्याशिवाय पंच तिला मोकळी करणार नव्हते. भुजंग खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.

"इवाई, दुसरा आखाड आला. पोरीनं किती दिस असं राह्याचं?"

"घोंगडं पाह्यलं लोकानं. माणूस कोन पाह्यला?" धुळाजी म्हणाला आणि कुदळ मारत राहिला.

भुजंग तीन दिवस थांबला. आसराबाईला कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दुपारी ओवी पाचव्यापाशी आली. "पाचवा चालून राह्यला," धुळाजी थांबला. आसराबाईनं फडक्यातली चतकोर भाकर काढली. जरा वेळ हातात धरली. मग तिथंच सगळ्यांसमोर, खाली मान घालून, ती खाऊन टाकली.

धुळाजी सुनेकडं बघत होता. मग त्याचा हात पुन्हा घमेल्यावर पडला आणि तो पुढं गाऊ लागला. हिरामेंडका दमला. नदीकाठी करंजाखाली टेकला. जमीन पेटली. त्यानं मेंढरांना एकेकाच्या नावानं हाका मारल्या, घोंगडं अंगावर ओढलं, आणि उठला नाही.

सुट्टी संपायच्या आत कडूबाई टोपलं घेऊन चालायला लागली.

"भुजंग, पंच बोलव," धुळाजी म्हणाला. "मी सांगतो."

त्या रात्री धुळाजीनं पंचांपुढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आसराबाई बापाबरोबर निघाली. पाया पडली, तेव्हा धुळाजीनं फक्त तिच्या भाकरीची चौकशी केली, वाटेला बांधून घेतलीस का म्हणून.

त्यानंतर घमेलं पालथं पडलं नाही. लोकांनी दोन-तीनदा गळ घातली, मग सोडून दिली. पण खुंटावर रोज चतकोर भाकर दिसायची. आता कडूबाई ठेवत होती. धुळाजी नुसता बघायचा.

पंधरवड्यानं त्यांच्या खड्ड्याचं माप आलं. मी टेप लावला, खोली लिहून घेतली आणि खुंट पाडायला सांगितलं. कडूबाई पुढं आली.

"सायेब, एवढा राहू द्या ना."

वरून तपासणीला साहेब येणार होते. मी वहीत बघत राहिलो.

धुळाजीनंच कुदळ उचलली. चार घावांत खुंट आडवा झाला, वरचा भाकरीचा वाळका तुकडा मातीत मिसळला. त्यानं फावड्यानं ती माती ओढली. कडूबाईनं टोपलं पुढं केलं, भरून घेतलं, डोक्यावर घेतलं आणि बांधावर नेऊन टाकलं.