अठ्ठेचाळीस नळ्या

आत्याचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर चारचा लावलेला असे, पण एकतीस वर्षांत तिनं तो वाजू दिला नाही. हात पुढं करून बंद करायचा, उभ्यानं चहा प्यायचा आणि कामगारांची साडेचारची बस धरायची. पाचला ती कोंबड्यांच्या शेडमध्ये असे.

शेड चार होत्या, एकेकीत अठरा हजार पक्षी. पहिलं काम मर वेचायचं, म्हणजे रात्रीत मेलेले पक्षी गोळा करायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकशेवीस पावलं, अशा सहा फेऱ्या, वाकून. नुसतं बघत चाललं तर भिंतीकडेला पडलेला पक्षी सुटतो आणि दुपारी वास मारतो. आत्याचा सुटत नसे. नव्या बाईला ती पहिल्या दिवशी एवढंच सांगायची, "हे डोळ्यांचं काम नाही, कमरेचं आहे."

सगळे तिला आत्याच म्हणायचे. मुकादमसुद्धा, आणि तो तिच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान होता. हे तिच्या भाचीमुळं झालं. भाऊ आणि वहिनी परगावी कामाला, म्हणून पोरगी चौथ्या वर्षापासून आत्याकडं वाढली. शाळा सुटली की फाटकाशी येऊन "आत्या, आत्या" असा धोशा लावायची. नाव चिकटलं ते चिकटलं.

कामावरून परतताना आत्याचे डोळे लाल असत. पोरीला वाटायचं, आत कुणीतरी हिला रोज रडवतं. मोठी होऊन शास्त्र शिकल्यावर तिला कळलं की तो अमोनिया वायू. पक्ष्यांची घाण खालच्या भुशात मुरते, त्यातून तो उठतो. थंडीत पक्ष्यांना ऊब राहावी म्हणून पंखे कमी ठेवतात, मग तो आतच कोंडतो. माणसाच्या छातीचं तो काय करतो, हे मोजायचं भाचीनं ठरवलं.

मोजायला पैसे लागतात. त्यासाठी तिनं दोन वर्षं उंबरठे झिजवले.

"कोंबडीचं वजन वाढवतो म्हटलं की कुणीही पैसे देतं," एकदा ती वैतागून म्हणाली. "तुझ्या खोकल्यावर कुणी देत नाही."

"मग खोकल्याचं वजन करून दाखव त्यांना," आत्या म्हणाली.

शेवटी एका समितीनं थोडे दिले. एका आठवड्याच्या मोजणीपुरते. आकडे काळजीचे निघाले तर पुढं दोन वर्षांचे देऊ, नाहीतर विषय बंद. मालकानं परवानगी दिली. चार शेड, प्रत्येकीत वायू टिपणाऱ्या, बोटाएवढ्या काचेच्या दोन नळ्या, एक पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर, एक माणसाच्या नाकाच्या. रोज नव्या, सहा दिवस. भाचीनं त्याआधी शेड आतून पाहिलीच नव्हती. रोग येईल म्हणून बाहेरच्या माणसाला आत सोडत नसत.

मोजणीनंतर महिन्यानं ती घरी आली आणि पिशवी न ठेवताच बसली.

"आकडे आले, आत्या. तुमच्या शेडमधली हवा बागेसारखी आहे म्हणे."

आत्याचा चेहरा खुलला. "असणारच. तू यायच्या आधी तीन दिवस राबलो आम्ही. ओला भुसा सगळा खरवडून काढला, कोरडा टाकला. दोनशे दहा हातगाड्या, मी मोजल्यात. आणि पंखे सगळे लावायला लावले. मुकादम विजेच्या नावानं कुरकुरत होता. त्याला म्हटलं, माझी पोरगी येतेय, शेड घाण दिसली तर माझी काय शोभा राहील?"

भाचीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"तोंड का उतरलं?"

मग भाचीनं समजावून सांगितलं. रोजची हवा मोजायची होती. मोजली गेली ती पाहुण्यांसाठी केलेली. त्या आकड्यांवर समिती विषय बंद करणार.

तपासणीला साहेब येणार म्हटलं की शेड चकाचक करायची, हे इतक्या वर्षांचं वळण. त्यात चूक असू शकते हे आत्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नासवलं म्हणायचं मी."

"तू नासवलं नाहीस गं. तू झाडलंस."

"झाडूनच नासवलं. जन्मात पहिल्यांदा काम जास्त झालं."

भाचीनं समितीला खरं काय ते लिहून कळवलं. उत्तर आलं: पुन्हा मोजा, आकडे आणा, बघू. पण एका मोजणीला दोनदा पैसे देता येत नाहीत. प्रयोगशाळेत एका नळीच्या तपासणीला आत्याची दोन दिवसांची मजुरी पडत होती. म्हणजे सगळ्या नळ्यांना शहाण्णव दिवस. आत्याच्या नोकरीचे पाच आठवडे उरले होते, थंडीही तेवढीच. थंडी संपली की पंखे लागणार, आणि आत्या गेली की शेड रोजच्यासारखी राखायला आत कुणी उरणार नव्हतं.

"मी भरते," आत्या म्हणाली.

"ते तुझ्या खोलीचे आहेत." दोन खोल्यांच्या घराला तिसरी काढायची, हे आत्याच्या मनात कैक वर्षं होतं.

"दोन खोल्यांत तू मावलीस. आता मला एकटीला तीन कशाला?"

दुसऱ्या मोजणीच्या वेळी आत्यानं सगळ्यांना बजावलं. रोजच्यासारखं काम. कमी नाही आणि जास्त तर मुळीच नाही.

"आत्या, पाहुणी आलीय आणि शेड अशी?" मुकादम म्हणाला.

"अशीच. पंख्याला हात लावलास तर बघ."

"मागं पंखे लाव म्हणून डोकं खाल्लंस माझं."

"मागं मला अक्कल नव्हती."

तिचेच हात शिवशिवत होते. कोपऱ्यातला ओला भुसा दिसायचा आणि ती तोंड फिरवून पुढं जायची. शेडमध्ये एवढं जड काम तिनं कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाची नळ्या बदलायला चौथ्या शेडमध्ये गेली. दहा मिनिटांत तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. खोकून खोकून ती भिंतीला टेकली. आत्याचा हात पंख्याच्या बटणावर गेला. बोट टेकलं. मग तिनं हात मागं घेऊन कोटाच्या खिशात खुपसला.

"बाहेर जा जरा."

"तू जातेस?"

"मला सवय आहे."

"तीच मोजतेय," भाची डोळे पुसत म्हणाली आणि पुढची नळी लावली.

शेवटच्या दिवशी दोघी प्रयोगशाळेत गेल्या. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज भरायला घेतला.

"निधी कोणत्या संस्थेचा?"

"आत्याचा," भाची म्हणाली.

त्यानं लिहिलं. "संस्थेचा पत्ता?"

"ही काय, उभी आहे."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. आत्यानं नोटांची चळत पुढं सरकवली. "मोजून घ्या. मी दोनदा मोजल्यात."

तीन आठवड्यांनी निकाल आला. नाकाच्या उंचीवरचे आकडे आधीच्या सहापट होते. समितीनं दोन वर्षांचे पैसे मंजूर केले. तोवर आत्या निवृत्त झाली होती. तरी पावणेचारलाच उठायची आणि उठून काय करायचं हे न कळून चहा दोनदा प्यायची.

तिसरी खोली झाली नाही. एकतीस वर्षांच्या पगारातून मागं टाकलेल्या पैशांत अठ्ठेचाळीस नळ्या तपासून झाल्या. उरलेल्यात तिनं भाचीला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले, एक माप मोठे, आत दोन मोजे बसतील असे. पाय गारठले की माणूस काम उरकायला बघतं, आणि नळी ठरल्या मिनिटालाच काढायची असते.