वाजंत्र्यांचं पान मागे

माझ्या व्हायोलिनच्या पोटात तांदूळ आहेत. खरंच! लग्नात वाजवताना अक्षता उडतात आणि वरच्या फटींतून आत जातात. वाद्य हलवलं की खुळखुळतात. काढायचा प्रयत्न मी केव्हाच सोडलाय. एकेक दाणा म्हणजे एकेक लग्न, आणि बहुतेक लग्नांचा माझ्या डोक्यातला संताप अजून उतरलेला नाही.

आमचं तिघांचं त्रिकूट. सतारीवर नंदूकाका, तबल्यावर मिलिंद, व्हायोलिनवर मी. नाशिकच्या बहुतेक लॉन्सवर आम्ही वाजवलंय. काकांची एकच इच्छा होती. त्यांच्या मुलीच्या, सायलीच्या लग्नात, हार पडताना, सतार त्यांची वाजली पाहिजे. प्रत्येक लग्नात अपमान झाला की ते तेवढंच म्हणायचे, "माझ्या सायलीच्या लग्नात बघ तू."

*

एकदा मुलीचे मामा ठरवायला आले. कॉलेज रोडला बंगला, बोलणं मोठं. कोणते राग वाजवणार म्हणून विचारलं. काकांनी सांगितलं, "सुरुवातीला यमन, मग देस, शेवटी भैरवी."

"भैरवी छान असते ना? मग ती आधी घ्या."

"भैरवी शेवटीच वाजवतात हो."

"अहो, शेवटी असतं कोण? जेवून गेलेले असतात सगळे! आधीच उरकून टाका."

उरकून टाका म्हणे! बारशाचे पेढे आहेत का?

*

सतारीला खालच्या तरफांच्या तारा धरून अठरा-एकोणीस तारा. मंडपातल्या उन्हात त्या उतरणारच. काका कानाजवळ घेऊन एकेक लावत होते. तेवढ्यात कानात वायर घातलेली इव्हेंटवाली पोरगी आली.

"सर, खूप वेळ लागतोय. हे घरूनच ट्यून करून आणता येत नाही का?"

काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही भात घरूनच कालवून आणता का?"

तिला कळलं नाही. तिने त्या वायरीत कुणाला तरी सांगितलं, "सतारवाले ॲटिट्यूड दाखवतायत." त्या दिवशी निम्म्या तारा तशाच ठेवून वाजवावं लागलं. बेसूर सतार वाजवताना काकांचा चेहरा मी पाहिलाय. पुन्हा पाहायचा नाही मला.

*

आणि मंगलाष्टकं! पहिलं कडवं मावशी काळी एकमध्ये धरतात, दुसऱ्याला थेट पांढरी पाच. मधे आत्या येऊन तिसरीच पट्टी लावतात. मी व्हायोलिन घेऊन त्यांच्या मागे धावतेय, मुलाच्या मागे घास घेऊन धावावं तशी.

संपल्यावर मावशींनी माइक सोडलाच नाही. म्हणाल्या, "व्हायोलिनच्या ताईंचा सूर आज जरा लागला नाही, पण सांभाळून घ्या त्यांना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! धीर दिला म्हणे!

*

गंगापूर रोडच्या एका लॉनवर तर आम्हाला वाजवूच दिलं नाही. फोटोग्राफर आला आणि म्हणाला, "मॅडम, नुसता बो फिरवा. म्युझिक आपण स्पीकरवर टाकतोय. तुम्ही रीलमध्ये एकदम रिच दिसता."

पैसे घेतले होते, बसलो. मिलिंद तबल्यावर हवेत बोटं नाचवत होता. काका मान खाली घालून बसले होते. सतारीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

निघताना नवऱ्या मुलाचे वडील काकांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "आज तुम्ही फार सुंदर वाजवलंत!"



*

एका लग्नात आम्ही जेवायला बसलो, तर मुलाच्या काकांनी आम्हाला ताटावरून उठवलं. "पाव्हणे खोळंबलेत. वाजंत्र्यांचं पान मागे." मी भांडायला उभी राहिले. नंदूकाकांनी माझा हात धरून खाली बसवलं, मग स्वतःच उठले. "चल, वणीच्या रस्त्याला मिसळ खाऊ. माझ्या सायलीच्या लग्नात बघ तू."

*

मग सायलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, सटाण्याकडचा. पण साखरपुड्यालाच विहीणबाई काकांना म्हणाल्या, "मुलीच्या बापानं वाजंत्र्यांत बसणं आमच्याकडं बरं दिसत नाय. चार लोकांत नाव ठेवतील." काका हसून "बरोबर आहे" म्हणाले. बरोबर आहे! मी दोन दिवस धुमसत होते. सायलीला मीच सांगितलं. ती काहीच बोलली नाही, याचाही मला राग आला.

लग्नाच्या दिवशी काका फेटा बांधून स्टेजवर उभे. सतार गवसणीत, माझ्या शेजारी. "नुसती असू दे तिथे," म्हणाले.

मंगलाष्टकं संपली. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट सरला, अक्षता पडल्या. मी आणि मिलिंदने सुरू केलं. नवरदेवाने मान वाकवली. सायली हार हातात धरून तशीच उभी.

गुरुजी म्हणाले, "घाल, बाळ."

"वाजंत्री आले नाहीत अजून."

"हे काय, वाजतंय की!"

"एक कमी आहेत." आणि तिने बाबांकडे पाहिलं.

आमचे हात थांबले. विहीणबाई पुढे झाल्या, "अगं सायली, मुहूर्त टळतोय!"

"हो ना आई. तुम्हीच सांगा त्यांना, लवकर बसा म्हणून."

विहीणबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घड्याळ पुढे केलं. मग त्या काकांकडे वळून हळूच म्हणाल्या, "बसा, व्याही."

काका स्टेजवरून उतरले. माझ्या शेजारी मांडी घालून बसले. गवसणी काढली. सायली हार धरून उभी, नवरदेव मान वाकवून उभा, सगळं लॉन उभं.

काकांनी आधी सतार लावली. तरफांसकट. एकेक तार, सावकाश.