धुराडं आणि मामाजी

ज्या घरात रोज लाकडाची चूल पेटते, तिथं दोन गोष्टी साचतातच: काजळी आणि किस्से. काजळी आम्ही दर सोमवारी काढतो. किस्से मात्र गिऱ्हाइकं येता-जाता खरवडत बसतात, म्हणून म्हटलं, एकदाचे सांगूनच टाकावेत!

आमचं भोजनालय नागपुरात, कळमेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकर, दोन्ही चुलीवरचं. चुलीच्या वर पत्र्याचं धुराडं, थेट छपरातून बाहेर गेलेलं. ते साफ करणार फक्त मामाजी, म्हणजे माझे सासरे. पंच्याहत्तरी कधीच ओलांडली, पण शिडी दिसली की अंगात वारं शिरतं! ते वर गेले की खाली माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. चहा उतू जातो, भाजीत मीठ दोनदा पडतं.

*

काम तसं सोपं आहे. चूल पूर्ण निवू द्यायची. तिच्या तोंडाला ओलं पोतं लावायचं. वर जाऊन धुराड्याची टोपी काढायची, दोरीला वीट आणि काथ्याचा बोळा बांधायचा आणि आत वरखाली करायचा. खाली पोतं धरायचं काम प्रकाशचं, माझ्या नवऱ्याचं. एका सोमवारी त्याला दम निघेना. पोतं बाजूला सारून त्यानं चुलीत डोकं घातलं आणि ओरडला, "बाबा, झालं का?"

झालं ना! आठवड्याची सगळी काजळी त्याच्या तोंडावर! तेवढ्यात दारात दूधवाला आला. रोजचा माणूस, पण त्यानं प्रकाशलाच विचारलं, "मालक कुठं गेले गा?"

*

मग प्रकाशनं ही कटकटच मिटवायची ठरवलं. मोठ्या बर्नरची गॅसची शेगडी आणली. मला नाचावंसं वाटलं. धुराडं नको, शिडी नको!

भिवापूरची मिरची तीच, मसाला तोच, हात माझेच. पण चुलीवरची ती चव काही येईना. एक जुने काका हात धुऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, घरी कोणी बिमार आहे का?"

संध्याकाळी चूल पेटली.

*

मामाजींचे गुडघे दुखायला लागले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी चांगलं बजावलं, "काका, यापुढे जिने चढायचे नाहीत." मामाजींनी शहाण्यासारखी मान हलवली.

सोमवारी बघते तर छपरावर!

"मामाजी, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"जिने चढू नका म्हणाले. शिडीचं नाव तरी घेतलं का त्यायनं?"

*

हसू नका, एकदा खरंच जिवावर बेतलं होतं. पावसाळ्यात ओली बाभूळ जाळावी लागली. ओल्या लाकडानं धुराड्यात डांबरासारखा थर धरतो. भरदुपारी तो थरच पेटला. धुराडं मोठ्यानं घरघरायला लागलं.

मामाजींनी पेटती लाकडं ओढून राखेत दाबली आणि चुलीचं तोंड ओल्या पोत्यांनी गच्च बंद केलं. हळूहळू घरघर थांबली. मी तिथंच बसून रडायला लागले.

"मामाजी, छप्पर पेटलं असतं म्हणजे?"

ते घाम पुसत म्हणाले, "रडून काहून राहिली वं? जे झालं ते बरं झालं. आतून साफ निघालं!"

*

शेवटी मी शिडीच लपवली. शेजारच्या वहिनींच्या मागच्या अंगणात नेऊन ठेवली. त्या रात्री कितीतरी दिवसांनी निवांत झोप लागली.

सोमवारी मामाजी खांद्यावर शिडी घेऊन हजर! "शेजारीण मोठी भली बाई आहे. मागितल्याबरोबर दिली. अन् पाह्य वं, अगदी आपल्या शिडीसारखीच आहे!"

*

परवाचीच गोष्ट. हॉल गच्च भरलेला आणि धूर उलटून आत यायला लागला. प्रकाश मिरची आणायला भिवापूरला गेलेला. चूल विझवली. धुराडं हात लावण्याइतकं निवलं, तसे मामाजी उठले. सकाळीच त्यांना घेरी आली होती. मी पदर खोचला आणि त्यांच्या आधी शिडीवर पाय ठेवला.

"अवं, तुले जमते का हे?"

"तुम्ही फक्त शिडी धरा, मामाजी."

वर टोपीखाली काजळीचा गठ्ठा बसला होता. मी खुरप्यानं खरवडायला लागले. खाली मामाजींनी शिडीला मिठीच मारली होती.

"सांभाळ वं! एक हात धरून ठेव! खाली नको पाहू!" थोड्या वेळानं पुन्हा, "झालं असंन तं उतर ना वं!"

आतून कोणीतरी ओरडलं, "मालक, भाकर आणा!"

मामाजी हलले नाहीत.

"मालक, इकडं रस्सा!"

मामाजींनी शिडी सोडली नाही, मानही वळवली नाही. माझ्याकडे बघतच ते ओरडले, "माही सून वर आहे! ज्याले जे पाहिजे ते आपल्या हातानं घ्या, अन् आवाज नका करू!"