हाताची घडी, तोंडावर बोट

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की प्रस्तुत लेखकानं निजामाच्या राज्यात दोन वर्षं सरकारी शाळेत गाढवाचं काम केलेलं आहे. सरकारी दप्तरात याची कुठंही नोंद नाही, म्हणून मीच जाहीर करतो. हसायला हरकत नाही. ही हकीकत मी आजवर लोकांना हसवण्यासाठीच सांगत आलो आणि दरवेळी अर्ध्यावर थांबलो. आज पुढची अर्धीही सांगतो.

मी शिरड शहापूरचा. विशीत असताना औंढ्याहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरच्या एका गावी धाकटा मास्तर म्हणून लागलो. शाळा दोन खोल्यांची. मराठी आणि हिशेब माझ्याकडे, उर्दू बड्या मास्तरांकडे. ते हैदराबादकडचे, पन्नाशीचे, जरासे वाकलेले. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम भाजी असायची, कारण त्यांचा धडा तिथूनच निघायचा. वांगं काढायचे, त्याच्याकडे प्रेमानं बघायचे आणि त्याच्याशी उर्दूत बोलू लागायचे. मग वांगं रुसायचं, टोपलीतून पळून जायचं, बाजारात हरवायचं. पोरं डोळे मोठे करून ऐकायची.

त्या पोरांना उर्दू इंग्रजीइतकीच परकी. घरी मराठी, तांड्यावरच्या पोरांची तर घरची बोलीही निराळी. बडे मास्तर त्यांना काही विचारत नसत, पाठ करायला देत नसत, चुकलं तरी टोकत नसत. मला म्हणाले होते, "लेकरू घरात वर्षभर नुसतं ऐकतं. तेव्हा त्याच्या हातात कुणी पाटी देतं का?"

गोष्टीत गाढव आलं की ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन अदबीनं विचारायचे, "तशरीफ लाएंगे?" मी हिशेब सोडून रांगत आत जायचो. "गधे, बैठो." बसायचो. "गधे, पानी पियो." प्यायचो. काय रंगायचो म्हणून सांगू. पुढं पोरंच मला हुकूम सोडू लागली. तांड्यावरचं एक बडबडं पोरगं तर माझ्या पाठीवर बसून बड्या मास्तरांशी भाजीच्या भावाची घासाघीस उर्दूत करायचं. पहिल्या वर्षी एक शब्द न बोललेली पोरं दुसऱ्या वर्षी त्यांच्या कोटाला लोंबकळत भांडत होती.

गावाला मात्र पाटी दिसायची, आणि पाटी कोरी. एक बाप ती घेऊन शाळेत आला. "मास्तर, पोरगं नुसतं हसून राहिलं. शिकून काय राहिलं?"

"सुनो," बडे मास्तर म्हणाले, आणि पोराला पुढं करून त्याच्याशी बोलू लागले. पोरगं भराभरा उत्तरं देत गेलं. बापानं ऐकून घेतलं.

"बोलतंय ते बराबर हाय. पर लिव्हलेलं कुठंय?"

तीच तक्रार वरपर्यंत गेली असावी. त्या थंडीत तालुक्याहून कागद आला: साहेब मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला, येणार. उर्दूचा वर्ग समाधानकारक दिसला नाही तर बडे मास्तर नोकरीतून कमी. त्यांनी कागद मला वाचून दाखवला आणि घडी करून खिशात वांग्याशेजारी ठेवला. त्यांच्यामागं आजारी बायको होती, ती त्यांच्या पगारावर माहेरी राहत होती. "फिकीर नाही," ते म्हणाले. "साहेब पोरांशी बोलतील. पोरं बोलतील. आणखी काय पाहिजे?"

ते बेफिकीर होते, म्हणून फिकीर मी केली.

मुआयन्याच्या सकाळी ते साहेबांना आणायला वेशीवर गेले. मी पोरांना ओळीनं बसवलं. चारसहा बाप ओट्यावर उभे होतेच. आमच्याकडे साहेब गावात आला की माणसं पोरांना घरात कोंडत. पोरानं बोलता बोलता गोठ्यात किती जनावरं आहेत ते सांगितलं, तर त्यातलं एखादं साहेबानं सोडून नेलंच समजा. साहेबापुढं मान खाली आणि तोंड बंद, हीच तिथली रीत आणि हाच शहाणपणा. मीही त्याच मातीतला. शिवाय मनात आलं, ही पोरं साहेबाचाही कोट ओढतील, त्याच्याशीही वांग्यावरून हुज्जत घालतील. मग संपलंच.

"हाताची घडी, तोंडावर बोट," मी म्हणालो. "बड्या मास्तरांची नोकरी राहायला पाहिजे ना?"

पोरांनी माना हलवल्या.

"मग आज कुणी तोंड उघडायचं नाही. साहेबानं काहीही विचारू द्या."

ओट्यावरून एक बाप म्हणाला, "बराबर हाय. ऐका रे मास्तरचं."

साहेब आले, खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खिडकीबाहेरची गाय दाखवून विचारलं, ते काय आहे? तीस बोटं तीस तोंडांवर. तुझं नाव काय? गप्प. बडे मास्तर हसले, वांगं काढलं, ते रुसलं, पळालं. एकही पोरगं हसलं नाही. त्यांनी गोष्ट बदलली. आवाज जरासा चिरकला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत रोजची अदब नव्हती, नुसती विनवणी होती.

मी साहेबांसमोर चारी पायांवर झालो.

"गधे, बैठो," बडे मास्तर म्हणाले. मी बसलो. पुढचा हुकूम रोज पोरं द्यायची. मी खालून पोरांकडे बघत राहिलो, भुवयांनी खुणावलं, बोला रे म्हणून. त्यांना वाटलं मी दटावतोय. बोटं आणखी घट्ट दाबली गेली. तांड्यावरच्या पोराच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी बोट हललं नाही.

साहेबांनी पाट्या मागवल्या, पाहिल्या, वहीत तीन ओळी लिहिल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "उठिए." मी अजून जमिनीवरच होतो.

घोड्याच्या टापा वेशीपलीकडे गेल्या तशी वर्गातली बोटं खाली आली. आपण जिंकलो, अशा चेहऱ्यानं पोरं बड्या मास्तरांकडे बघू लागली. ते त्यांच्यासमोर उकिडवे बसले. रागावले नाहीत. हळूच उर्दूत विचारलं, काय झालं बेटा, आज माझ्याशी का बोलला नाहीत?

मी दारात उभा होतो. मीच सांगायला हवं होतं. मी गुडघ्यांची धूळ झटकत राहिलो.

तांड्यावरचं पोरगं उठलं. इतकं लांब वाक्य ते उर्दूत आजवर कधी बोललं नव्हतं, आणि कुठं अडखळलंही नाही. शाबासकी मिळणार या खात्रीनं, भरल्या डोळ्यांनी, ते म्हणालं,

"छोटे मास्टरसाब बोले, तुम लोगां मुँह खोले तो बडे मास्टरसाब की नौकरी जाती बोलके."